पान वरचं की खालचं?

तुळशीचं लग्न जवळ आलं की घरोघरच्या तुळशी नेमक्या आजारी दिसू लागतात. चार महिने पावसात भिजलेलं वृंदावन, त्यावर ऑक्टोबरचं ऊन. टोकाला वाळक्या मंजिऱ्या, खाली उघड्या पडलेल्या काड्या आणि मधे कुठे चार-दोन पिवळी पानं. मग धावपळ होते. कुणी ताक घालतं, कुणी हळदीचं पाणी. शेवटी रोपवाटिकेतून नवी तुळस येते, जुनीच्या जागी बसते आणि लग्न पार पडतं. पुढच्या श्रावणात नवीचीही तीच गत होते. वृंदावनाला खाली भोक नाही, ते सिमेंटचं आहे आणि सिमेंटमधला चुना माती हळूहळू विम्लधर्मी करत नेतो, हे कुणी पाहत नाही. सगळ्यांचं लक्ष पानावर असतं.

रविवारी सकाळी उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या रोपवाटिकेत अर्धा तास नुसतं उभं राहावं. गिऱ्हाईक येतं, पिशवीतून नाहीतर मोबाइलमधून एक पान काढून दाखवतं आणि विचारतं, ‘यावर काय मारू?’ जाणता माळी पानाकडे ओझरतं बघतो आणि विचारतो पाण्याबद्दल. ‘रोज घालते की!’ असं उत्तर आलं की त्याचं निदान झालेलं असतं. तरी तो शेवटी एक बाटली पुढे करतोच, कारण बाटली मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. घरातल्या झाडांच्या बहुतेक तक्रारींना बाटलीची गरज नसते. पान बिघडलेलं दिसतं, पण बिघाड कुंडीत असतो. आणि कुंडीत काय चाललंय ते पानावरूनच बऱ्यापैकी ओळखता येतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न एकच: कुठलं पान? बुडाकडचं जुनं की शेंड्याचं कोवळं? झाडाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांचे दोन स्वभाव असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं. घरातली वडीलधारी माणसं आपल्या ताटातलं पोरांना वाढतात, तसंच. त्यामुळे यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की तिथून हलत नाहीत. त्यांची टंचाई शेंड्यावर उमटते. खालची पानं सरसकट फिकी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. हीच जाळी वरच्या कोवळ्या पानांवर दिसली तर लोह. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होत असतील तर पालाशचा संशय घ्यायचा. पानावर नक्षी तीच, पण ती कुठल्या पानावर आहे यावर औषध बदलतं.

आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे नवीन नाही. सांगली-नाशिककडचा शेतकरी हंगामाच्या ठरावीक टप्प्यावर ठरावीक पानाचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतो आणि देठ परीक्षणाचा अहवाल हातात आल्यावर खतांचं वेळापत्रक ठरवतो. कुठल्या पानाचा देठ घ्यायचा हे ठरलेलं असतं, कारण चुकीच्या पानाचा देठ गेला तर अहवालही चुकीचा येतो. दोन कुंड्यांसाठी प्रयोगशाळा गाठावी असं कुणी म्हणणार नाही. पण पान निवडून बघायची त्याची शिस्त गॅलरीतही उपयोगी पडते, आणि ती फुकट आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. पिवळेपणाला अन्नद्रव्यं कमी पडली असं निदान करायची आपल्याला फार घाई असते. खत मातीत असूनही मूळ ते उचलू शकत नाही, असंच घरात जास्त घडतं.

मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, त्या हवेतला प्राणवायू मुळं घेतात. पाणी घातलं की पोकळ्या भरतात, निचरा झाला की हवा परत येते. रोज पाणी घातलं तर ती परत यायला फुरसतच मिळत नाही. मुळं गुदमरतात, मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे ओलाव्यात वाढणारे रोगकारक त्यांवर चढतात आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होऊन लोंबतात. मालक बघतो, ‘अरे, तहानलंय बिचारं,’ म्हणतो आणि आणखी एक तांब्या ओततो. घरातली झाडं मरतात ती बहुधा अशी, मायेनं.

तहानेने लोंबलेलं आणि बुडून लोंबलेलं झाड वरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो कुंडी उचलली की. हलकी लागली तर तहान, जड लागली तर कुजणं. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर मातीत बोट दोन पेरं खुपसावं. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पीस लिली या बाबतीत फार प्रामाणिक झाड आहे. तहान लागली की सगळी पानं खाली टाकते आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते. ओल्या मातीत पानं टाकलेली पीस लिली दिसली तर मात्र तिला कुंडीबाहेर काढून मुळं बघावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत असतं. चिमटीत धरून ओढलं तर साल निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. सडका वास वेगळा शोधावा लागत नाही. अशी मुळं कात्रीने कापून टाकायची, झाड कोरड्या भुसभुशीत मातीत लावायचं, मुळं जितकी गेली त्या मानाने पानंही कमी करायची आणि सावलीत ठेवायचं. खत अजिबात नाही. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहतेय एवढाच त्याचा अर्थ. वरचा थर वाळू दिला की ती कमी होतात.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा चांगला होतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती तुडुंब भरेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे खडी घातल्याने चिखलाचा थर नाहीसा होत नाही, उलट तो मुळांच्या आणखी जवळ सरकतो. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा चौकोनी स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागेल. उंच कुंडी उथळ कुंडीपेक्षा चांगली निथळते त्यामागेही हेच कारण आहे. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा तर मातीतच कोकोपीट, जाडी वाळू, भाताची तुसं असं काहीतरी मिसळायला हवं. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावं, हेही याच कारणासाठी.

बाहेरून येणाऱ्या रोपांची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडची कितीतरी शोभेची झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातल्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. मुळांभोवती लाल चिकट मातीचा गोळा असतो. प्रवासाला तो उत्तम, कारण तो फुटत नाही. कुंडीत मात्र तो वाळला की विटेसारखा घट्ट होतो; पाणी कडेने निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. उलट पावसाळ्यात भिजला की महिनाभर वाळत नाही. क्रोटन आणल्यावर पंधरा दिवसांत सगळी पानं टाकतं ते थोडं जागाबदलामुळे आणि बरंचसं या गोळ्यामुळे. रोप आणल्याच्या दिवशीच कुंडी बदलू नये, आठ-दहा दिवस नव्या जागेत रुळू द्यावं. मग गोळा बादलीतल्या पाण्यात भिजवून बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने सोडवावी आणि भुसभुशीत मिश्रणात लावावं.

पाण्याचा दुसरा त्रास त्यातल्या क्षारांचा. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा अशा धरण-तलावांचं सौम्य पाणी मिळतं, तिथे याचा जाच कमी. पुण्याच्या नव्या उपनगरांत, छत्रपती संभाजीनगरात, सोलापुरात जिथे बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं, तिथे काळ्या दगडातून आलेला चुना पाण्यासोबत कुंडीत उतरतो. माती विम्ल होते आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग जास्वंदीची, मोगऱ्याची, गुलाबाची शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसू लागतात. कुंडीच्या बाहेरून पांढरे पापुद्रे धरले असतील तर त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर चुना आहे. माळी अशा वेळी हिराकस घालायला सांगतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, औषध चुकीचं नाही, पण चुनखडीच्या मातीत ते लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जातं. म्हणून चिमूटभर हिराकस घातल्यावर पान महिनाभर सुधारतं आणि पुन्हा तेच. अशा ठिकाणी चिलेटेड लोह घ्यावं, आणि तेही ‘ईडीडीएचए’ प्रकारचं. नेहमी मिळणारं ‘ईडीटीए’ विम्ल मातीत टिकत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची एवढंच. पावसाचं पाणी साठवून कुंड्यांना घालता आलं तर लोहाची गरज पुष्कळदा पडतही नाही.

सोसायटीत ‘सॉफ्टनर’ बसवलेला असेल तर वेगळीच गोष्ट. त्यात चुना काढून त्या जागी मिठातला सोडियम घातला जातो. नळावर डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, सगळे खूश. कुंडीतल्या झाडाला मात्र हे चुन्याच्या पाण्यापेक्षा वाईट. पानांच्या कडा आणि टोकं जळतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी बचतीच्या हौसेने झाडांना घालतात त्यांनाही हाच अनुभव येतो. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरावं. एसीचं पाणी क्षाररहित असतं, ते चालतं. क्षार साठलेल्या कुंडीवर उपाय साधा: कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी सावकाश ओतून निथळू द्यायचं.

अरेका पाम, ड्रॅसिना, स्पायडर प्लांट यांची फक्त टोकं तपकिरी होतात. कारण क्षार असू शकतात, खत जास्त झालेलं असू शकतं, कोरडी हवा असू शकते. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांना फ्लोराइडही सोसत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे भूजलात फ्लोराइड असलेल्या गावांत हे लक्षात ठेवावं. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातो, फ्लोराइड जात नाही. वाळलेलं टोक कात्रीने तिरकं छाटलं तर झाड वाईट दिसत नाही, इतकंच.

उजेडाबद्दल आपला अंदाज सपशेल चुकतो. भर दुपारी मोकळ्या जागेत सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शे-दोनशे, फार तर पाचशे. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून दोन्हीकडे ‘छान उजेड’ वाटतो. पानाला तशी सोय नाही. मनीप्लांटची पानं लहान होत जाणं, दोन पानांमधलं अंतर वाढणं, पांढऱ्या-पिवळ्या छटा जाऊन निव्वळ हिरवा रंग उरणं ही उपाशी झाडाची लक्षणं आहेत. खत घालून ती जात नाहीत, कुंडी खिडकीशी सरकवावी लागते. लक्स मोजणारी फुकट अ‍ॅप मोबाइलवर मिळतात, अंदाजापुरती ती ठीक आहेत.

झाडं अंधाऱ्या बेडरूममध्ये जातात कशाला? तर ‘नासाने सांगितलंय, हवा शुद्ध होते.’ १९८९ मध्ये नासासाठी बी. सी. वुल्व्हर्टन यांनी प्रयोग केले होते हे खरं. पण ते लहान बंद पेट्यांत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा साऱ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा निघालं असं की खिडक्यांतून येणाऱ्या हवेशी बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. स्नेक प्लांट आवडतं म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा.

आता किडी. इथे पानाची खालची बाजू बघायची सवय हवी. दिवाळीनंतर पाऊस सरून हवा कोरडी झाली की पिठ्या ढेकूण डोकं वर काढतो. जास्वंदीच्या शेंड्यावर, क्रोटनच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, पानं चिकट होतात आणि त्या गोडसर चिकट्यावर काळी बुरशी धरते. काळं बघून बुरशीनाशक फवारणारे पुष्कळ. पण बुरशी इथे नुसती पाहुणी आहे, ढेकूण गेला की तीही जाते. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा. चिकट्यासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे मुंग्यांची वाट आधी बंद करावी. थोडे ढेकूण असतील तर कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून टिपून काढावेत. जास्त असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन संध्याकाळी लिटरला पाच मिली निमतेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण फवारावा. कपड्यांची पावडर नको, तिने पान भाजतं. एका फवारणीत काम होत नाही, कारण मेणकट पिशवीतल्या अंड्यांना काही होत नाही. आठवड्याच्या अंतराने तीनदा करावं लागतं. पहिल्या फवारणीनंतर ‘निमतेलाचा उपयोग नाही’ असं जाहीर करणाऱ्यांनी दुसरी केलेली नसते. क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याच्या अळ्याही पांढऱ्या, झिपऱ्या, ढेकणासारख्याच दिसतात. भराभर चालणारा मोठा ‘ढेकूण’ दिसला तर तो बहुधा ढेकूण खाणारा मित्र आहे, त्याला चिरडू नका.

पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके आणि खाली धुळकट जाळी असेल तर कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. खाली पडलेले ठिपके चालू लागले की ओळख पटली. कोळी कीटक नाही, आठ पायांचा आहे. नेहमीची कीटकनाशकं त्याला फारसं काही करत नाहीत, उलट त्याचे शत्रू मारतात आणि त्याची चैन होते. त्याला कोरडी गरम हवा मानवते, म्हणून पानाच्या खालून पाण्याचा मारा दर दोन-तीन दिवसांनी करणं हाच घरगुती उपाय. तुळशीवर असेच फिके ठिपके दिसतात, पण पानं मुडपलेली आणि खाली काळ्या शाईचे थेंब उडाल्यासारखे डाग असतील तर तो कोळी नव्हे, जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण असतो. त्या फांद्या छाटून टाकाव्यात आणि मंजिऱ्याही खुडत राहाव्यात.

कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं कडेने कुरतडलेली दिसली तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही आहे का बघा. ती विष्ठा नसते, फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली झाडं खातात. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्यांना खाऊ द्यावं, छाटणी झाल्यासारखं ते पुन्हा फुटतं. रोप विताएवढं असेल तर अळी दुसऱ्या झाडावर हलवावी. गुलाबाच्या पानांवर पंचने मारल्यासारखे गोल काप दिसले तर पानं कापून घरटं करणारी, एकटी राहणारी मधमाशी येऊन गेली समजा. तिच्यासाठी काहीही फवारू नका.

थंडीत कढीपत्ता पिवळा पडतो, पानं गाळतो. पुण्या-नाशकात हे दर डिसेंबरला होतं आणि दर डिसेंबरला त्याच्या बुडाशी ताक ओतलं जातं. फेब्रुवारीत पालवी येते, श्रेय ताकाला मिळतं. थंडीत त्याची वाढच थांबलेली असते. पाणी कमी करणं, एवढीच त्याची अपेक्षा असते. पावसाळाभर ढगाखाली राहिलेली झाडं ऑक्टोबरच्या उन्हात आली की पानांच्या मधोमध पांढरट भाजल्याचे डाग पडतात. तो रोग नाही, ऊन आहे. दिवाळीच्या साफसफाईत कुंड्या इकडच्या तिकडे होतात तेव्हाही हे घडतं. पानं पुसावीत, पण ओल्या फडक्याने. खोबरेल तेल लावून चमकवलेल्या पानावर धूळ दुपटीने बसते.

घरगुती उपायांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अंड्याची टरफलं आपल्या चुनखडीच्या मातीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, कुजवून घातला तर खत, नाहीतर मुंग्यांना आमंत्रण. एप्सम सॉल्टची हल्ली साथ आली आहे. खालच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधे पिवळं असं दिसलं तरच ते मॅग्नेशियम घालावं. तंबाखूचं पाणी घरात करूच नये, निकोटिन हे विष आहे. शेतीची कीटकनाशकं घराच्या गॅलरीत आणणं त्याहून वाईट, आणि तुळस, कढीपत्ता, पुदिना यांच्यावर तर मुळीच नाही.

एकदा पिवळं पडलेलं जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, हे त्यानंतर फुटलेल्या पानावर बघायचं, आणि त्याला तीन-चार आठवडे लागतात. या काळात पाणी, खत, जागा, औषध असं सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं नि कशाने बिघडलं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि बुंधाच मऊ पडला असेल तर हट्ट सोडा. वरची निरोगी फांदी पेरासकट कापून पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये लावा. मनीप्लांट, क्रोटन, जास्वंद, तुळस सगळी अशी जगवता येतात. जुनी माती पातळ पसरून चांगली उन्हात तापवल्याशिवाय पुन्हा कुंडीत भरू नका, आणि भरण्याआधी कुंडीला भोक आहे का ते बघा.